प्रायव्हेटियर आणि समुद्री चाचे यांच्यात नेमका फरक काय होता?

प्रश्न असा आहे: शिडाच्या जहाजांच्या काळात प्रायव्हेटियर (म्हणजे सरकारी सनद घेऊन शत्रूची जहाजं धरणारे खासगी जहाजवाले) आणि चाचे दोघंही व्यापारी जहाजं पकडून लुटत होते, मग एकाला दरबारी मान आणि दुसऱ्याला फाशी का? राजाचं एक पत्र जवळ असणं एवढाच फरक होता का? आणि कान्होजी आंग्र्यांना इंग्रज ‘पायरेट’ म्हणत, ते यात कुठे बसतात?

पत्र हा या फरकाचा सगळ्यात लहान भाग आहे. जहाज गाठायची, थांबवायची आणि ताब्यात घ्यायची रीत दोघांची जवळपास सारखीच होती. खरं वेगळेपण जहाज पकडल्यानंतर सुरू होतं. ते कुठल्या बंदरात न्यायचं, कोणापुढे उभं करायचं, माल कोणाच्या हुकमाने विकायचा आणि चुकीचं जहाज धरलं तर भरपाई कोणी द्यायची, हे प्रायव्हेटियरला बंदर सोडण्याआधीच ठरवून दिलेलं असे. चाच्याला यातलं काहीच लागू नव्हतं. म्हणून एखादा कप्तान कोणत्या बाजूचा होता हे ठरवताना त्याचे कागद आणि हिशेब तपासावे लागतात. त्याच्या तोफा आणि झेंडे पाहून काही कळत नाही.

अठराव्या शतकातलं इंग्लंड उदाहरणाला घेतो, कारण तिथले या धंद्याचे कागद भरपूर टिकले आहेत. युद्ध जाहीर झालं की ब्रिस्टल, लिव्हरपूल, लंडन अशा बंदरांतले व्यापारी पैसे एकत्र करून जहाज सज्ज करत. मग कप्तान ॲडमिरल्टी कोर्टात, म्हणजे समुद्री बाबींच्या कोर्टात, माहिती नोंदवी: जहाजाचं नाव, किती टनांचं, तोफा किती, खलाशी किती, मालक कोण, अधिकारी कोण, दारू आणि गोळे किती, नांगर आणि दोरखंड किती, किती महिन्यांचा शिधा भरला आहे. त्यानंतर जामीन. दीडशेपर्यंत माणसं असतील तर १,५०० पौंड, जास्त असतील तर ३,००० पौंड. अमेरिकेने १८१२च्या युद्धात हाच साचा वापरला: दीडशे माणसांपर्यंत ५,००० डॉलर, त्यावर १०,००० डॉलर. फ्रान्समध्ये १६८१च्या नाविक कायद्याने १५,००० लिव्ह्रची हमी मागितली होती.

या जामिनाकडे इतिहास वाचणाऱ्यांचं फारसं लक्ष जात नाही, पण सगळा डोलारा त्यावर उभा होता. कप्तानाने मित्रदेशाचं जहाज लुटलं, कैद्यांचा छळ केला किंवा माल परस्पर विकला, तर नुकसान झालेला माणूस कोर्टात येऊन या हमीवर दावा लावू शकत असे. मालक घरी बसलेले, त्यांची घरंदारं आणि पत बंदरात सगळ्यांना माहीत. त्यामुळे दूर समुद्रात कप्तानावर सरकारचा हात पोहोचला नाही तरी मालकांच्या तिजोरीवर तो पोहोचत असे, आणि मालक कप्तान निवडताना त्या धाकानेच निवडत.

मग सनद मिळे, तिला लेटर ऑफ मार्क म्हणत. ती मोघम नसे. अमुक जहाज, अमुक कप्तान, अमुक शत्रुराष्ट्राविरुद्ध, असं त्यात नमूद असे. जहाज बदललं तर नवी सनद. सनदेबरोबर छापील सूचना मिळत आणि त्यांचा गाभा असा: पकडलेलं जहाज बंदरात आणून कोर्टाच्या हवाली करायचं; निकाल लागेपर्यंत फाळके (मालखान्याची झाकणं) उघडून मालाला हात लावायचा नाही; पकडलेल्या जहाजाचे सगळे कागद जसेच्या तसे द्यायचे; त्यावरची तीन-चार प्रमुख माणसं, त्यात कप्तान आणि सुकाणू सांभाळणारा असलेच पाहिजेत, साक्षीसाठी आणायची; शरण आलेल्याला मारायचं नाही, जखमी करायचं नाही, छळायचं नाही.

सनदधारी जहाजं दोन तऱ्हेची होती आणि लोक ती एकत्र कालवतात. एक तऱ्हा निव्वळ शिकारीची. पोटात माल नाही, माणसं खच्चून भरलेली, पगार नाही, मिळकत झाली तरच वाटा. दुसरी तऱ्हा साध्या व्यापारी जहाजाची. माल भरलेला, खलाशांना पगार चालू, पण वाटेत शत्रूचं दुबळं जहाज सापडलं तर धरता यावं म्हणून सनद काढून ठेवलेली. ईस्ट इंडिया कंपनीची मोठी जहाजं युद्धकाळात अशी सनद घेऊनच भारताकडे निघत. सनद दिल्याचे आकडे वाचून ‘इंग्लंडने हजारो शिकारी जहाजं सोडली’ असं जे लिहिलं जातं, त्यात या दुसऱ्या तऱ्हेची जहाजंही मोजलेली असतात.

शिकारी जहाजावर एवढी माणसं का, तर पकडलेलं जहाज बंदरापर्यंत चालवत न्यायला हवीत म्हणून. एका जहाजावर आठ-दहा माणसं आणि एक अधिकारी चढवला, अशी पाच-सहा जहाजं धरली, की मूळ जहाजावर तोफा चालवायलाही हात पुरत नाहीत. अनेक सफरी शत्रूने हरवल्या म्हणून थांबल्या नाहीत, माणसं वाटून संपली म्हणून थांबल्या. शिवाय ही चिमूटभर माणसं डोळ्यात तेल घालून कैद्यांवर नजर ठेवत असत. डुलकी लागली की कैदी जहाज परत घेत. वाटेत आपल्याच पक्षाच्या दुसऱ्या जहाजाने ते सोडवलं तर सोडवणाऱ्याला मूळ मालकाकडून बचावाचा मोबदला मिळे. शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये प्रायव्हेटियरसाठी तो किमतीच्या एक षष्ठांश होता.

माणसं वाचवण्यासाठी एक दुसरा मार्गही होता. पकडलेल्या कप्तानाकडून खंडणीची चिठ्ठी लिहून घ्यायची, त्याचा एक अधिकारी ओलीस ठेवायचा आणि जहाज सोडून द्यायचं. चिठ्ठी पुढे मालकाकडून वसूल व्हायची. हा व्यवहार इतका रुळला होता की युद्ध चालू असताना शत्रुदेशातल्या मालकावर त्या चिठ्ठीचा दावा चाले. पण त्यामुळे शत्रूचा व्यापार चालूच राहतो, म्हणून ब्रिटनने १७८२मध्ये आपल्या प्रजेला अशी खंडणी देऊन सुटायला बंदी केली.

समुद्रावर जहाज थांबवण्याचा भागही पाहू. खोटा झेंडा लावून जवळ जाणं प्रायव्हेटियरलाही चालत असे. पण गोळा झाडण्याआधी खरा झेंडा वर गेला पाहिजे, हा नियम होता. समोरचा थांबला की होडीतून अधिकारी जाऊन कागद बघे: प्रवासाचा परवाना, मालाच्या पावत्या, भाडेकरार, खलाशांची यादी, खासगी पत्रं. इथेच खरं कसब लागे, कारण युद्धकाळात बरीच जहाजं दुहेरी कागद बाळगत. डच मालकाच्या नावाने फ्रेंच माल, डॅनिश झेंड्याखाली स्पॅनिश माल. कोणी कागद वजन बांधून समुद्रात फेकले तर कोर्ट त्याला संशयाचा मोठा पुरावा मानी. माल शत्रूचा आणि जहाज तटस्थाचं असेल तर काय करायचं, हे त्या त्या देशाशी झालेल्या तहावर अवलंबून. तो तह कप्तानाला माहीत नसेल तर तो पकडायचा एक आणि भरायचा दुप्पट.

इंग्रज प्रायव्हेटियर वुड्स रॉजर्सची सफर याचं चांगलं उदाहरण आहे. १७०८मध्ये ब्रिस्टलहून ‘ड्यूक’ आणि ‘डचेस’ ही दोन जहाजं ३३३ माणसं घेऊन निघाली. बंड होऊ नये म्हणून मालकांनी अधिकारी नेहमीच्या दुप्पट ठेवले होते. सुरुवातीलाच एक स्वीडिश जहाज सापडलं. स्वीडन तटस्थ, कागद साफ, म्हणून रॉजर्सने ते सोडून दिलं. त्यावर खलाशी उठले. त्यांना वाटा हवा होता. रॉजर्सने पुढाऱ्यांना बेड्या घातल्या. ते जहाज त्याने लुटलं असतं तर त्या दिवशी माणसं खूश झाली असती आणि मालकांचा जामीन बुडाला असता. पुढे १७०९च्या डिसेंबरात त्याने मनिलाहून आकापुल्कोला निघालेलं स्पॅनिश खजिन्याचं एक जहाज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ धरलं. त्या लढाईत त्याच्या जबड्यात गोळी घुसली. १७११मध्ये परत आल्यावर एकूण मिळकत सुमारे १,४८,००० पौंड निघाली. पण ईस्ट इंडिया कंपनीने आमच्या मक्तेदारीच्या समुद्रातून आलात म्हणून अडवलं, तिला सुमारे ६,००० पौंड द्यावे लागले, आणि खलाशांचे वाटे कोर्टकज्जात वर्षानुवर्षं अडकले. कायदेशीर असण्याची ही किंमत होती.

आता कोर्टाचं काम. जहाज बंदरात आलं की पकडणारा दावा दाखल करी. कोर्टाची नोटीस जाहीर लागे, ज्याला हक्क सांगायचा असेल त्याने मुदतीत यावं म्हणून. पकडलेल्या कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना ठरावीक प्रश्नावली घालत: जन्म कुठला, जहाज कोणी बांधलं, मालक कोण, माल कोणाचा, कागद कुठे नष्ट केले का. विशेष हे की पहिला निकाल बहुधा पकडलेल्या जहाजाच्या कागदांवर आणि त्याच्याच माणसांच्या साक्षींवर लागे, पकडणाऱ्याच्या शब्दावर नव्हे. जहाज शत्रूचं ठरलं तर ते ‘चांगली प्राइझ’, म्हणजे कायदेशीर पकड, म्हणून जाहीर होई. नाही ठरलं तर सोडायचं, आणि धरायला पुरेसं कारण नव्हतं असं दिसलं तर खर्च आणि नुकसानभरपाई पकडणाऱ्याने द्यायची. वर अपील. लहान मासेमारी होड्या किंवा किनाऱ्यावरचे मचवे धरणारे बरेचदा तोट्यात जात, कारण कोर्टाची फी आणि दलालांची कमिशनं मालाच्या किमतीहून वरचढ होत.

मग लिलाव. मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्याआधी शेवटची बोली ज्याची, माल त्याचा, अशी पद्धत होती. १७०८च्या कायद्याने राणीने आपला वाटा सोडला आणि सगळी रक्कम पकडणाऱ्यांना दिली. त्या वर्षापासून इंग्लंडमध्ये या धंद्यात पैसा घालणं आकर्षक झालं. मालक आणि खलाशी निम्मेनिम्मे वाटून घेत, किंवा रॉजर्सच्या सफरीसारखे मालक दोन तृतीयांश आणि खलाशी एक तृतीयांश, जसा करार असेल तसे. फ्रान्समध्ये करार नसेल तर मालकांना दोन तृतीयांश. निकालाची वाट बघताना खलाशी उधारीवर जगत, आणि बंदरातले सावकार त्यांचे वाटे पडत्या भावाने विकत घेत. मोठी प्राइझ धरूनही साधा खलाशी रिकाम्या हाताने घरी जाई, त्याचं कारण इथे आहे.

पण या सगळ्या कटकटीतून एक गोष्ट मिळे जी चाच्याला कधीच मिळू शकत नव्हती: स्वच्छ मालकी. कोर्टाने निकाल दिला की जुन्या मालकाचा हक्क संपला आणि घेणाऱ्याचा हक्क सगळ्या जगात मान्य झाला. ते जहाज तो उजळ माथ्याने लंडनच्या गोदीत लावू शके, त्याचा विमा उतरवू शके, परत विकू शके. चाच्याच्या लुटीने मालकी बदलत नाही, हे तत्त्व सगळ्या युरोपने मानलं होतं. चोरीची म्हैस चार बाजार फिरली तरी मूळ मालक दावं ओढून नेऊ शकतो, तसंच ते. त्यामुळे चाच्याचा माल घेणारा व्यापारी धोका घेऊन घेई आणि त्या धोक्याची किंमत भावात कापून घेई.

चाच्यांच्या कितीतरी सवयींचा उलगडा एवढ्यावरून होतो. साखर, तंबाखू, कापड यांनी भरलेलं जहाज हाती आलं तरी ते सगळं घेत नसत, विकणार कुठे? त्यांना हवं असे ते ताबडतोब वापरता येईल असं: नाणी, सोनं, दारूगोळा, शिडं, दोर, खाणंपिणं, सुतार, वैद्य. १७१८च्या मे महिन्यात ब्लॅकबिअर्ड या चाच्याने अमेरिकेतल्या चार्ल्सटनचं बंदर अडवून धरलं, नामवंत माणसं ओलीस ठेवली, आणि त्यांच्या बदल्यात औषधांची पेटी मागितली. शहरात जाऊन औषध विकत घेणं त्याला शक्यच नव्हतं. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि कालवं धरतात, उष्ण समुद्रात लाकूड किडा पोखरतो, दर काही महिन्यांनी जहाज कलतं करून बूड खरवडावंच लागतं. प्रायव्हेटियर हे काम गोदीत करून घेई. चाच्याला निर्जन किनारा शोधून, तोफा उतरवून, जहाज आडवं करून करावं लागे, आणि त्या दिवसांत त्याच्यावर कोणी चालून आलं तर पळायला जहाजच नसे.

जहाजावरची सत्ताही वेगळी. प्रायव्हेटियरचा कप्तान मालकांनी नेमलेला. चाच्यांचा कप्तान माणसांनी निवडलेला, आणि लढाई सोडून बाकी वेळी क्वार्टरमास्टर, म्हणजे जहाजावरचा दुसरा प्रमुख, त्याला आवर घाली. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या माणसांच्या नियमांत कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन-दोन वाटे, मुख्य गोलंदाज वगैरेंना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा आणि बाकीच्यांना एक. भांडवल घालणारा कोणी नसल्याने वरचा निम्मा भाग कापलाच जात नसे. साध्या खलाशाच्या नजरेने पाहिलं तर चाच्याचं गणित चांगलं होतं, फक्त शेवट वाईट होता. रॉबर्ट्स १७२२च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तोफेच्या माऱ्यात पडला आणि त्याच्या ५२ माणसांना केप कोस्ट किल्ल्यावर फाशी झाली. प्रायव्हेटियर पकडला गेला तर तो युद्धकैदी. त्याला तुरुंग, वाईट जेवण, आणि कधीतरी अदलाबदलीत सुटका.

गडबड मधल्या माणसांमुळे होते, आणि अशा तीन माणसांची नावं आपल्या समुद्राशी बांधलेली आहेत.

थॉमस ट्यूने १६९२मध्ये बर्म्युडाच्या गव्हर्नरकडून आफ्रिकेतल्या फ्रेंच ठाण्यावर हल्ला करायची सनद घेतली आणि माणसांच्या संमतीने जहाज थेट तांबड्या समुद्राकडे वळवलं. तिथे त्याने मोगलांकडचं श्रीमंत जहाज लुटलं. सनद खरी होती, पण त्या जहाजाला ती लागू नव्हती. म्हणजे तो चाचाच. हेन्री एव्हरीचं प्रकरण त्याहून सरळ. त्याच्याकडे कसलीच सनद नव्हती. १६९४मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात पगार थकलेल्या माणसांना घेऊन त्याने जहाज पळवलं आणि १६९५च्या सप्टेंबरात सुरतेच्या वाटेवर औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं. त्यावर यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्याची नोंद मोगल इतिहासकार खाफीखानाने केली आहे. सुरतेतल्या इंग्रजांना बादशाही अधिकाऱ्यांनी कैदेत टाकलं आणि कंपनीचा व्यापार ठप्प झाला.

या धक्क्यानंतर आलेला विल्यम किड. त्याच्याकडे दोन सनदा होत्या, एक फ्रेंचांविरुद्ध आणि एक चाच्यांविरुद्ध. पाठीशी इंग्लंडमधले बडे लॉर्ड. जहाज ‘ॲडव्हेंचर गॅली’, २८७ टन, ३४ तोफा, वाऱ्याशिवाय चालावं म्हणून ४६ वल्ही. पण करार घातक होता. खलाशांचा वाटा चौथा हिस्सा, मिळकत नाही तर काहीच नाही, आणि हाती आलेला माल वाटेत कुठेही न उघडता थेट बोस्टनला आणायचा. १६९७च्या सप्टेंबरात तो कारवारला लागला, पुढे पोर्तुगीज जहाजांशी त्याची चकमक झाली. प्राइझ मिळेना, माणसं चिडत गेली. ऑक्टोबरात त्याने विल्यम मूर या गोलंदाजाच्या डोक्यात लोखंडी कडीची बादली घातली आणि तो मेला. १६९८च्या जानेवारीअखेर मलबारजवळ त्याने ‘केदा मर्चंट’ धरलं. बंगालहून सुरतेला निघालेलं, आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या मालाचं, इंग्रज कप्तानाचं हे जहाज. किडने फ्रेंच झेंडा लावला होता म्हणून समोरून फ्रेंच परवाना दाखवला गेला. तेवढ्यावर त्याची बाजू उभी राहू शकली असती. पण त्याने पुढे माल किनाऱ्यावर विकला, पैसे वाटले, प्राइझ कोर्टाचं तोंड पाहिलं नाही, आणि मादागास्करला कलिफर्ड हा उघड चाचा समोर असताना त्याला धरलं नाही. १७०१मध्ये लंडनला खटला झाला तेव्हा या आणि आधी धरलेल्या एका जहाजावरून घेतलेले फ्रेंच परवाने त्याला मिळाले नाहीत. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी दप्तरात सापडले. यावरून अनेक जण किडला निर्दोष ठरवतात. माझं मत वेगळं आहे. ते दोन कागद दाबणं हा त्याच्यावर अन्यायच होता, पण ते कोर्टात असते तरी जहाज धरण्याचं समर्थन झालं असतं. निकालाआधी माल फोडून विकण्याचं नाही, आणि मूरच्या खुनाचं तर नाहीच. २३ मे १७०१ला त्याला वॉपिंगला फाशी दिलं. पहिल्यांदा दोर तुटला, दुसऱ्यांदा लटकवलं, आणि प्रेत थेम्सच्या मुखाजवळ टांगून ठेवलं.

कान्होजी आंग्रे यांच्या प्रश्नाकडे हीच मोजपट्टी घेऊन जावं. ते मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख होते. किल्ले, गोद्या, घुराब आणि गलबतं यांचा खर्च राज्याच्या मुलखातून आणि महसुलातून चाले. म्हणून ते चाचे तर नाहीतच, प्रायव्हेटियरही नाहीत. प्रायव्हेटियर हा भांडवल घालणारा खासगी माणूस असतो. कान्होजी हे राज्याचे अधिकारी. ते कोकण किनाऱ्यावर जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देत आणि बिनदस्तकाचं जहाज धरत. हीच रीत पोर्तुगीजांनी कार्ताझ या नावाने दोनशे वर्षं आधी या समुद्रात आणली होती, आणि मुंबईकर इंग्रजही आपले परवाने देत. भांडण परवाना कोणाचा चालावा याचं होतं. १७१२च्या नोव्हेंबरात कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका धरली. त्यावरचा कारवारचा नेमलेला अधिकारी चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. १७१३च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये देऊन तिची सुटका झाली आणि कंपनीने त्यांच्याशी तह केला. इंग्रजांचं जहाज त्यांनी अडवू नये, आणि इंग्रजांखेरीज कोणी इंग्रजी निशाण लावू नये, असा त्यात ठराव होता. चाच्याशी कोणी असा तह करत नाही.

तह टिकला नाही, कारण मुंबईच्या भारतीय व्यापाऱ्याचं जहाज इंग्रजी निशाणाखाली चालत असेल तर ते इंग्रजांचं मानायचं का, हा वाद. युरोपात असा प्रश्न रोज प्राइझ कोर्टात सुटत असे. इथे दोन्ही बाजूंना मान्य असं कोर्टच नव्हतं, म्हणून तो तोफांनी सोडवायचा प्रयत्न झाला: १७१८ला खांदेरीवर, १७२०ला विजयदुर्गावर आणि १७२१ला पोर्तुगीजांसह अलिबागच्या कुलाब्यावर. तिन्ही वेळा इंग्रज परतले. १७५६मध्ये कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून गेले, तेव्हा लुटीचे वाटे कोणाला किती हे त्यांनी निघण्याआधीच मुंबईत ठरवून ठेवलं होतं. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी आपसात वाटली. त्या मोहिमेत मित्र म्हणून सोबत असलेल्या पेशव्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

सनदेचं महत्त्व उलट बाजूने दाखवणारा माणूस म्हणजे फ्रान्समधल्या सेंट-मालो बंदराचा रॉबेर सुरकूफ. १७९६मध्ये तो ‘एमिली’ घेऊन बंगालच्या उपसागरात शिरला आणि इंग्रजांची अनेक जहाजं धरली, त्यात कंपनीचं मोठं ‘ट्रायटन’ही होतं. युद्ध चालू, शत्रू खरा, लढाई सरळ. पण मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने त्याला शिकारीची सनद दिली नव्हती, व्यापाराचा परवाना दिला होता. मॉरिशसला परतल्यावर त्याच्या सगळ्या प्राइझ सरकारजमा झाल्या. तो पॅरिसला गेला, दाद मागितली आणि भरपाई मिळवली. पुढच्या खेपेला रीतसर सनद घेऊन आला आणि ७ ऑक्टोबर १८००ला ‘कॉन्फियान्स’वरून त्याने आपल्याहून कितीतरी मोठं ‘केंट’ चढाई करून जिंकलं. शत्रूचं जहाज बिनसनदी धरणारा फ्रेंच माणूस चाचा ठरत नाही, पण माल त्याचा होत नाही. ही बारीक रेघ त्याच्या प्रकरणात स्वच्छ दिसते.

तह झाला की सनद मेली, पण बातमी पोहोचायला महिने लागत. म्हणून तहांत समुद्रांच्या अंतराप्रमाणे वेगवेगळ्या मुदती घालत. इंग्रज कप्तान हेन्री मॉर्गनने १६७१च्या जानेवारीत स्पेनचं पनामा लुटलं तेव्हा इंग्लंड-स्पेनचा तह होऊन सहा महिने झाले होते; त्याला धरून लंडनला नेलं, आणि तीन वर्षांत सर ही पदवी देऊन जमैकाला परत पाठवलं. युरोपातलं मोठं युद्ध संपवणाऱ्या १७१३च्या उत्रेख्त तहानंतर तर हजारो खलाशी एकदम बेकार झाले. व्यापारी जहाजांवरचे पगार घसरले, आणि बहामाच्या नॅसॉ बंदरात जमलेल्यांपैकी कित्येकांनी युद्धात सनदेखाली केलेलंच काम सनदेशिवाय चालू ठेवलं. त्यांना आवरायला १७१८मध्ये गव्हर्नर म्हणून गेला तो वर आलेला वुड्स रॉजर्सच. माफीनामे वाटले, जे नाही आले त्यांना लटकवलं.

सनद देणारा राजा किंवा सरकार समोरच्याला मान्य आहे का, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. अमेरिकन वसाहती उठल्या तेव्हा ब्रिटनच्या लेखी त्यांची सनद म्हणजे कोरा कागद. १७७७च्या कायद्याने त्यांच्या खलाशांना चाचे म्हणून जामिनाशिवाय आणि खटल्याशिवाय डांबता येत होतं; प्लिमथ आणि पोर्ट्समथच्या तुरुंगांत शेकडो जण पडून होते. फाशी मात्र दिली नाही, कारण अमेरिकनांच्या हातीही ब्रिटिश कैदी होते.

१६ एप्रिल १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्याने युरोपातल्या मोठ्या सत्तांनी ही पद्धत बंद केली. अमेरिकेने सही केली नाही; आपलं आरमार लहान, युद्ध झालं तर खासगी जहाजंच लागणार, हे तिचं म्हणणं. पाच वर्षांत तिच्यावरच ते उलटलं. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी सनदा वाटल्या, ‘सव्हाना’ नावाचं जहाज १८६१च्या जूनमध्ये पकडलं गेलं आणि त्याच्या माणसांवर न्यूयॉर्कला चाचेगिरीचा खटला भरला. ज्युरींचं एकमत झालं नाही. दक्षिणेने सांगितलं की यांना फाशी द्याल तर तितकेच तुमचे कैदी अधिकारी आम्ही लटकवू. १८६२च्या फेब्रुवारीत त्यांना युद्धकैदी मानण्यात आलं. अमेरिकेने त्या जाहीरनाम्यावर आजवर सही केलेली नाही, आणि अशी सनद देण्याचा अधिकार तिच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात काँग्रेसकडे अजूनही आहे.